पाचवं ताट कुणाचं?

आमच्या पाण्याच्या टाकीखाली किस्से साचत जातात, तळाला गाळ साचतो तसे. टाकी धुणाऱ्याची जागाच भरली न्हाई, मग गाळ काढनार कोण? मी नगरपरिषदेच्या टँकरवर ड्रायव्हर. दुपारी टँकर लिंबाखाली लावायचा, वर टाकीत पडणारं पाणी ऐकायचं अन् डोळे मिटायचे. त्यातलं अर्धं ऐकलेलं, अर्धं सपनातलं, ते सांगतो.

*

नव्या साहेबांनी एकदा सगळ्यांना बोलवून बजेट समजावलं. नगरपरिषदेला तूट दाखवायची परवानगी न्हाई, जमा तेवढाच खर्च. "घरात चार भाकरी असल्या तर पाचवं ताट मांडायचं नाही. सोपं आहे," साहेब म्हनाले.

गावात पाणी सोडणारे आमचे वॉलमन ग्यानबामामा मागून बोलले, "पाचवा कोण तेवढं सांगा साहेब. म्हंजी तो घरनं जेवून येईल."

साहेब बी हसले. पाचवे मामाच हुते. ते रिटायर झाले की त्यांचं पद संपनार, नवा माणूस घ्यायचा न्हाई, असं ठरलं हुतं.

*

मामाच्या हाताखाली रुक्मिणबाई, रोजंदारीवर. मामाचं एकच म्हननं, माझ्या जागी हिला घ्या. लांब लोखंडी चावी पाईपलाइनच्या वॉलवर बसवायची, तिला कान लावायचा अन् पाणी कुठवर गेलं ते ऐकायचं, हे त्यांनी तिला शिकवलं हुतं. पहाटे दोघं डोळे मिटून त्या चावीला टेकलेली असायची. लांबून वाटायचं, झोपलेत का काय.

*

रोजंदारीवाल्यांनी कायम करा म्हनू नये, म्हनून मधूनमधून ब्रेक देतात. काम न्हाई, पगार न्हाई. रुक्मिणबाई ब्रेकमधी बी येऊन लिंबाखाली बसायची. मुकादम म्हनला, "बाई, तुला ब्रेक हाय."

"काम करू नको म्हनलंय. बसू नको असं कुणी म्हनलं?"

त्याच दुपारी तिला डुलकी लागली. उठून म्हनली, "मामा, कायम झाल्याचं सपान पडलं. हजेरीला माझं नाव पुकारलं, अन् 'हजर' म्हनायच्या आत जाग आली."

"सपनात बी ब्रेक दिला का गं तुला?"

ती इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला.

*

रिटायर व्हायच्या आधी मामा पोखर्णीला नरसिंहाला जाऊन आले. मी इचारलं, "काय मागितलं?"

"रुक्मिणीला माझी जागा."

"मग?"

मामा टाकीकडं बघत म्हनाले, "देव खांबातनं निघतो, गड्या. बजेटातनं निघंल का, सांगता येत न्हाई."

मला लय वाईट वाटलं.

*

मामाला शाल-नारळ मिळाला, त्याच बजेटात रुक्मिणबाईची रोजंदारी बी बंद झाली. मामा चावी घेऊन हाफिसात गेले. पण पदच न्हाई, तर चार्ज घेनार कोण? कुणीच चावी घेईना. शेवटी खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टँकर भरायला निघालो. धुकं हुतं. वॉलपाशी मामा उभे, अंगावर सत्काराची शाल.

"मामा, तुमी तर रिटायर झालात."

"जाग आली. उठलो तर पाय इकडंच."

शेजारी रुक्मिणबाई.

"अन् तुमी, बाई?"

"मला ब्रेक हाय," ती म्हनली, अन् चावीला कान लावला.

महिनाभरानं साहेबांनी पुन्हा सगळ्यांना बोलवलं. लय खूश हुते.

"बघा," ते म्हनाले, "दोन माणसं कमी केली, तरी पाणी वेळेवर येतंय."