गेर्नोट, सनद आणि सोमवारची भट्टी

माझा धाकटा भाऊ गेर्नोट खुर्चीत बसलेला दिसतो तो फक्त माझ्या सलूनमध्ये, गळ्याभोवती कापड बांधून. तेव्हाही मला कात्री उगारून दम द्यावा लागतो, "हललास तर कान जाईल." बेचाळीस वर्षांचा घोडा, पण बूड म्हणून स्थिर नाही. जेवतो उभ्याने. फोन आला की अंगणात फेऱ्या सुरू. शाळेत बाई त्याला सारख्या खडू आणायला पाठवायच्या, तेवढीच वर्गाला शांतता.

एकाच ठिकाणी त्याचं अंग निवतं, ते म्हणजे भट्टीसमोर. जर्मनीतल्या आमच्या थुरिंगियाच्या डोंगरात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बैठकीच्या खोलीतली भट्टी हाच घरचा कर्ता असतो. कपाटाएवढी, बाहेरून चिनीमातीच्या फरशा लावलेली, एकदा पेटली की संध्याकाळपर्यंत ऊब देणारी. गेर्नोट चोवीस वर्षं होलरबाखच्या कारखान्यात अशा भट्ट्या बांधतोय. माती चिमटीत घेऊन पाणी जास्त झालंय का ते सांगतो. कसं कळलं विचारलं तर म्हणतो, "कळतं."

आता नुसतं कळून भागत नाही, हीच तर सगळी रड. आमच्याकडे स्वतःच्या नावाने भट्ट्या बांधायच्या, केस कापायचे किंवा पाव भाजायचा, तर मास्टरची सनद लागते. तोवर तुम्ही दुसऱ्याच्या हाताखालचे कारागीर, मग केस का पिकेनात. माझी सनद सलूनच्या आरशावर लटकते. दोन वर्षं घासली तेव्हा मिळाली, म्हणून मी जरा तोऱ्यातच असते. गेर्नोटला मात्र मी किती वर्षं टोचत होते आणि तो किती वर्षं म्हणत होता, "कागदाने भट्टी तापत नाही, रोझी."

मग म्हाताऱ्या होलरबाखचे गुडघे गेले. आणखी दोन वर्षं, मग काम बंद, असं त्याने जाहीर केलं. शहरातली एक मोठी कंपनी कारखाना घ्यायला टपलेलीच होती. त्यांना होलरबाखचं नाव आणि त्याची गिऱ्हाइकं हवी होती. फरशांच्या जुन्या साच्यांचं ते काय करणार हे सांगायला नको.

"पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या आत सनद आण," म्हातारा गेर्नोटला म्हणाला, "तर किल्ली तुझी. नाहीतर त्यांची."

"मास्टर, चोवीस वर्षं मी इथे काय करतोय ते तुम्हाला माहीत नाही का?"

"मला आहे. कायद्याला नाही. आणि खरं सांगू? पुस्तक उघडायला लागलं की तू पळतोस. धंदा चालवायचा म्हणजे नावडत्या गोष्टीसमोर बसावं लागतं."

हे त्याला लागलं. त्या रात्री तो माझ्याकडे आला, स्वयंपाकघरात खिडकी ते फ्रिज, फ्रिज ते खिडकी अशा येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी म्हणाला, "फॉर्म कुठे भरायचा?"

दीड वर्ष दर शनिवारी तो एरफुर्टला वर्गात गेला. मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा; शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात हात टेकले. परीक्षेचे चार भाग. हाताच्या कामाची भट्टी त्याने अशी बांधली की परीक्षक म्हणे तिच्याभोवती नुसते फिरत राहिले. हिशेब आणि कायदे कसेबसे सुटले. शिकाऊ कामगाराला काम शिकवून दाखवायचं होतं, तेही जमलं. अडलं ते धंद्याच्या लेखी परीक्षेत, म्हणजे हवेचा दाब, धुराड्याची ओढ, खोलीतल्या हवेचं गणित. जूनमध्ये त्यात नापास झाला. पुढची तारीख ऑक्टोबरमधली, एका सोमवारची. ती हुकली तर त्यानंतरची थेट मे महिन्यात, आणि तोवर कारखाना शहराच्या खिशात.

अभ्यासात त्याचं मन लागत नव्हतं त्याचं आणखी एक कारण होतं, मेल्हॉर्नबाईंची भट्टी.

मेल्हॉर्नबाई एक्याऐंशी वर्षांच्या, माझ्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहतात. तीन वर्षांपूर्वी गेर्नोटने त्यांना भट्टी बांधून दिली. ती धुरकटायची. रोज नाही, कधीतरीच. गेर्नोट सात वेळा गेला. दार बदललं, धुराची आतली वाट मोकळी केली, एकदा तर अर्धी भट्टी उकलून परत लावली. तो असला की भट्टी शहाण्या मुलीसारखी वागायची. धुराडं साफ करणारा सरकारी माणूस येऊन शिक्का मारून गेला. खुद्द होलरबाख गेला आणि म्हणाला, "पूर्वेचा वारा. त्याला इलाज नाही." गावात माझ्याच खुर्चीत बसून लोक हसायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी केस ओढायचे त्यांचे जरा जोरात. पण गेर्नोट खंगला त्या भट्टीपायी. वर्गात शिक्षक फळ्यावर काही लिहायचा आणि हा मनात मेल्हॉर्नबाईंच्या भट्टीतली धुराची वाट विटेविटेने तपासत असायचा. मध्येच मला विचारायचा, "काल वारा कुठून होता गं?"

तो सोमवार उजाडला तेव्हा गवतावर पहिलं दहिवर गोठलं होतं. आम्हा केशकर्तनवाल्यांचा सोमवार सुट्टीचा. मी उशिरा उठले, कॉफी केली आणि घड्याळाकडे पाहत बसले. आठला पेपर सुरू, बाराला संपणार. केक करायला घेतला आणि साखर दोनदा घातली.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. गेर्नोट.

"रोझी, मेल्हॉर्नबाईंकडे पळ."

"तू पेपरमध्ये आहेस ना?"

"दिला. पळ आधी. खिडक्या उघड, कपडे वाळवायचं मशीन बंद कर, बाईंना बाहेर काढ. फोन उचलत नाहीयेत त्या. मी अग्निशमनवाल्यांनाही सांगितलंय."

"दिला म्हणजे? अरे दीड तास उरलाय!"

"रोझी!"

या आवाजात तो माझ्याशी उभ्या जन्मात बोलला नव्हता. मी घरातल्या चपलांवरच धावले. गोठलेल्या गल्लीत दोनदा घसरले आणि पळता पळता मला आठवलं. मेल्हॉर्नबाई दर महिन्याला माझ्याकडे केसांना येतात. तीन वर्षं त्या एकाच दमात मला सांगत आल्या होत्या की सोमवार हा धुण्याचा दिवस, मुलाने कपडे वाळवायचं मशीन आणि नव्या घट्ट खिडक्या बसवून दिल्या, मशीनची नळी भिंतीतून बाहेर काढली, आणि हो, काल पुन्हा डोकं दुखलं, भट्टी धुरकटली. मंगळवारी यायच्या त्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी त्यांचे केस विंचरत "अरेरे" म्हणत राहिले.

आणि गेर्नोट सातही वेळा गेला तो कधी सोमवारी नाही. होलरबाख नाही, शिक्केवाला नाही. जाणारच कसे? धुण्याच्या दिवशी घरात कारागीर घ्यायचा नाही, हा मेल्हॉर्नबाईंचा नियम. त्यांच्या आईचाही तोच होता. खरं म्हणजे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक म्हातारीचा तोच आहे.

दाराची किल्ली कुंडीखाली असते. आत शिरले तर खोलीत निळसर धूर, मशीनची घरघर आणि बाई आरामखुर्चीत, मान एका बाजूला. मी किंचाळले. त्यांनी डोळे अर्धे उघडले.

"आज नाही," त्या जड जिभेने म्हणाल्या. "आज धुणं आहे."

मी खिडक्या धाडधाड उघडल्या, मशीनची वायर उपटली, बाईंना काखेत धरून दाराबाहेर ओट्यावर आणलं. थंड हवा लागली तशा त्या ओकल्या आणि मग मला शिव्या द्यायला लागल्या. त्या शिव्या ऐकून मला रडू आलं. तेवढ्यात अग्निशमनची गाडी आली. एक रात्र दवाखान्यात ठेवलं त्यांना, बस. डॉक्टर म्हणाला, अजून अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

दुपारी गेर्नोट परतला. दवाखान्यात बाईंना पाहून मग आम्ही होलरबाखकडे गेलो. म्हातारा कारखान्याच्या दारातच उभा होता, काठीवर रेलून. गावात बातमी गेर्नोटच्या आधी पोचली होती.

"पेपर टाकून आलास?"

"सहा प्रश्न होते. चौथ्यात एक घर दिलेलं. घट्ट खिडक्या, भट्टी खोलीतूनच हवा घेणारी, आणि एक मशीन ताशी एवढी एवढी हवा बाहेर फेकतंय. आता भट्टीला हवा कुठून मिळेल, आकडे मांडा." गेर्नोट बोलता बोलता फेऱ्या मारायला लागला. "वर्गात आम्हाला स्वयंपाकघरातला पंखा शिकवला होता. तो मी बाईंकडे पहिल्याच दिवशी तपासला, त्यांचा हवा बाहेर फेकत नाही. पण पेपरात पंखा नव्हता, कपडे वाळवायचं मशीन होतं. तसंच बाईंकडे मी सातही वेळा पाहिलेलं, पण बंद. मी आकडे मांडले. उत्तर उणे आलं, मास्टर. म्हणजे धुराडं उलटं ओढतंय. मग वर पाहिलं तर फळ्यावर तारीख लिहिलेली, सोमवार, बाईंचा धुण्याचा दिवस. फोन बाहेर जमा केलेला. बाहेर पडलं की पेपर संपला."

"दोन प्रश्न सोडलेस."

"हो."

"वारा नव्हता म्हणजे," होलरबाख म्हणाला. त्याच्या मागे भिंतीवर त्याची सनद होती, चौऱ्याहत्तर सालची. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मला त्याचा असा राग आला! एक शब्द बोलला नाही शाबासकीचा.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तीन गुणांनी नापास.

गेर्नोटने ते माझ्या आरशासमोर उभं राहून वाचलं आणि माझ्या सनदेकडे एकदा पाहिलं. मला ती काढून लपवावीशी वाटली. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "लवकर शिकलो असतो तर बाई तीन वर्षं धूर खात बसल्या नसत्या. कागदाने भट्टी तापत नाही म्हणे!"

मग तो कामासाठी त्याच्याकडे असलेली कारखान्याची किल्ली परत द्यायला निघाला. त्याला एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून गिऱ्हाईक डोक्याला रंग लावून बसवलेलं असताना मीही गेले. होलरबाख साच्यांच्या फळीजवळ उलट्या बादलीवर बसला होता. गेर्नोटने किल्ली पुढे केली.

"कंपनीचा माणूस कधी येतोय? त्याला साचे दाखवून जातो."

"कुठली कंपनी?"

"मास्टर, थट्टा नको."

"त्यांना मी नाही म्हणून कळवलं. त्याच सोमवारी संध्याकाळी."

"निकाल तर आज आलाय!"

"तुझा आलाय. माझा त्या दिवशीच लागला. पन्नास वर्षं भिंतीवर सनद लावून मी वाऱ्याला शिव्या देत होतो." म्हाताऱ्याने पाय लांब केले आणि कळवळला. "मे महिन्यापर्यंत हे गुडघे कळ काढतील. माझ्या सनदेखाली काम कर, आणि मे महिन्यात पेपर पुरता लिही. पण एक अट आहे."

"कसली?"

"ते उणे कसं येतं, ते मला शिकव."

गेर्नोटने किल्ली खिशात टाकली. खडू घेतला आणि कारखान्याच्या फरशीवर एक घर काढलं, त्यात भट्टी, त्यात मशीन. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत तो बोलत सुटला, आकडे, बाण, दाब, एकावर एक. माझं गिऱ्हाईक रंग लावून वाट पाहत होतं, पण माझा पाय निघेना. होलरबाखने चष्मा चढवला, खिशातून पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर बिलाचा कोरा कागद पसरला.

"जरा हळू," तो म्हणाला. "मी लिहून घेतोय."