ओठ मिटलेले, दात सुटे

सकाळी जाग आली की धाकटी आत्या आधी डोळे नाही, तोंड उघडायची. दोन्ही हातांची बोटं कानांपुढे, जबड्याच्या सांध्यावर ठेवायची आणि हळूहळू आ करायची. डावीकडे कट् असा आवाज व्हायचा. तो झाला की तिला हायसं वाटायचं, अडकलेली कडी सुटावी तसं. मग डोळे, मग पांघरूण, मग दिवस.

कानशिलं ठणकायची, ती मात्र दिवसभर. तिने आधी उशीवर आळ घेतला. उशी बदलली. मग चष्म्याचा नंबर तपासून घेतला. मग खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला बोल लावला आणि ऐन उकाड्यात कानाला स्कार्फ बांधून झोपू लागली.

माझी ही आत्या दात बनवायची. दाताच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाची मापं येत, त्यात प्लास्टर ओतून साचे काढायचे, त्यावर मेणाने हिरड्या उभ्या करायच्या, त्यात एकेक दात बसवायचा आणि शेवटी गुलाबी कवळी घासूनपुसून डबीत घालायची. लांबट खोली, समोरासमोर टेबलं, प्रत्येक टेबलावर एक छोटी निळी ज्योत. हवेत कायम प्लास्टरची पांढरी भुकटी. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवया तिच्या केसांपेक्षा म्हाताऱ्या दिसत.

वरचा आणि खालचा साचा ती एका बिजागरीच्या यंत्रावर चढवायची आणि मिटायची. मिटल्यावर दाताला दात नीट भिडला पाहिजे, हीच तिच्या कामाची परीक्षा. तीस वर्षांहून जास्त काळ तिने हेच पाहिलं होतं, मिटलेले दात. तिच्या मते तोंड नीट असणं म्हणजे तेच.

घरी ती आणि मोठी आत्या, अशा दोघी राहायच्या. दोघींनी लग्न केलं नव्हतं. ठरवून नाही, राहून गेलं. एक खोली, एक स्वयंपाकघर, दोन पलंग, मध्ये वीतभर जागा. मोठी आत्या कपडे शिवायच्या दुकानात कामाला होती. तिथे एक विधुर गृहस्थ पँट लहान करून घ्यायला आले. आठवड्याने तीच पँट पुन्हा लहान करायला आणली. मग तिसऱ्यांदा.

"आणखी एकदा आणली असती तर हाफ पँट झाली असती," मोठी आत्या सांगायची. "मग म्हटलं, माणसाची लाज राखावी. हो म्हणून टाकलं."

लग्न झालं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. साक्षीदार म्हणून सही धाकटीने केली, आणि सगळ्यांत जास्त हसलीही तीच. नवे काका दुसऱ्या शहरात राहायचे, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. मोठी आत्या दोन बॅगा घेऊन गेली. तिचा पलंग राहिला. त्यावर धाकटी आधी इस्त्रीचे कपडे ठेवू लागली, मग वर्तमानपत्रं, मग छत्री. पलंग रिकामा दिसू नये एवढ्यापुरतंच.

दर रविवारी मोठीचा फोन यायचा.

"कशी आहेस गं?"

"मजेत. तू?"

"मीही मजेत."

मग थोडी हवा, थोडी भाजी, थोडे नवे काका, आणि फोन बंद.

उशी, चष्मा आणि वारा निर्दोष सुटल्यावर ती शेवटी एका दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांची मापं तिच्याकडे यायची, पण त्यांच्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आरसा तोंडात फिरवला.

"रात्री दात खाता?"

"मला काय माहीत? मी झोपलेली असते."

"खरंय. हे खाणाऱ्याला नाही कळत, शेजारच्याला कळतं. शेजारी कोण झोपतं? त्यांना विचारा."

आत्या वरच्या दिव्याकडे बघत राहिली. "पूर्वी ताई असायची."

"मग ताईंना विचारा. बरं, मनावर कसला ताण?"

"मला? एकटा जीव मी. ना नवरा, ना पोरं, ना सासू. ताण द्यायला घरात माणूस तर हवं!"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी तोंडाचं माप घेतलं आणि रात्री दातांवर चढवायचं पारदर्शक कवच करून घ्यायला सांगितलं. करणार अर्थातच ती स्वतः.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या तोंडाचा साचा टेबलावर ठेवला. सुळ्यांची टोकं गेलेली, दाढा पाट्यासारख्या सपाट. असले साचे त्यांच्याकडे अधूनमधून यायचे. समोरच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारा एकजण बसायचा. त्याच्या आवाजावरून सगळे त्याला भोंगा म्हणायचे. त्याने मान उंच केली.

"आली बघा गिरणी! कोणाची गं?"

"आहे एका बाईंची."

"नवऱ्याला खात असणार रात्रभर."

"तू तुझं घास," आत्या म्हणाली.

कवच झकास झालं. नखभर कुठे टोचेना. पण दोन महिन्यांत त्यावर खड्डे पडले. तिने दुसरं केलं, जास्त जाड. त्याचाही चोथा झाला, तेव्हा आणखी कडक मालाचं तिसरं. कारागिराचा अभिमान तिच्यात होताच. चावणारी जिंकते की बनवणारी, अशी तिची स्वतःशीच चुरस लागली होती. कानशिलं ठणकायची ती ठणकतच राहिली. ताईला मात्र तिने काही विचारलं नाही.

एका रविवारी मोठी आत्या फोनवर म्हणाली, "अगं, माझा पलंग देऊन टाक ना कोणाला तरी. उगाच जागा अडवून बसलाय. तुला मोकळं होईल."

"हो, देते की," धाकटी म्हणाली, आणि तिच्या तोंडात खडा फुटल्यासारखा आवाज झाला. खालची दाढ मधोमध चिरली होती. फोन चालूच होता. तिने रक्ताची चव गिळली आणि विचारलं, "काकांचा खोकला बरा आहे का?"

"काय खात होतात?" दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी कडक? सुपारी, बर्फ?"

"अहो, काही नाही. फोनवर बोलत होते."

डॉक्टरांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही दिवसाही दात आवळता. रात्रीचं कवच दिवसा काय करणार? आत्ता, माझ्याशी बोलताना, वरचे-खालचे दात टेकलेत की सुटे आहेत?"

आत्याने तपासलं. "टेकलेत. टेकलेलेच असणार ना? तोंड मिटलंय मी."

"तोंड मिटलं तरी दात सुटेच असतात. दात दाताला भेटतो तो फक्त जेवताना, गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ निवांत. सगळ्या माणसांचं असंच असतं."

आत्याला हे खरंच वाटेना. घरी येताना तिने रस्त्यावरच्या माणसांचे जबडे निरखले. फळवाला, पाटी घेऊन चाललेली बाई, बाकावर पेंगणारे आजोबा. सगळ्यांचे गाल सैल. इतकी वर्षं तिने यंत्रावर दात मिटून पाहिले होते आणि मिटलेले असणं हीच त्यांची विश्रांती असं धरून चालली होती. तोंडही तिने तसंच वापरलं होतं.

डॉक्टरांनी तिला लाल टिकल्या दिल्या होत्या, वहीवर चिकटवतात तशा कागदी. नजर वारंवार जाते तिथे लावायच्या. टिकली दिसली की एकच बघायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर सोडायचे, खांदे खाली आणायचे, श्वास हळू सोडायचा. स्वतःला रागवायचं मात्र नाही. शिवाय झोपण्याआधी गालांना कोमट फडक्याचा शेक, संध्याकाळनंतर चहा बंद, आणि रोज थोडं चालणं.

"चालून दाताला काय होणार?" तिने विचारलं.

"दाताला काही नाही. तुम्हाला होईल."

चहा बंद करताना तिने डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडली. पण टिकल्या लावल्या. एक कामाच्या टेबलावर, एक आरशावर, एक शेगडीच्या मागच्या फरशीवर, एक फोनच्या पाठीवर.

टेबलावरची टिकली बघून भोंगा म्हणाला, "हे काय, नजर लागते का कवळ्यांना?"

"तुझी लागते."

पहिले काही दिवस दात जिथे तिथे टेकलेले सापडले. मग हळूहळू वेगळं दिसू लागलं. बारीक दात बसवताना ती श्वास रोखायची, पण दात सुटे. मालक घाईच्या कामासाठी डोक्यावर उभे राहिले, तरी सुटेच. स्वयंपाक करताना सुटे. संध्याकाळी कुलूप काढून घरात पाऊल टाकलं की टेकायचे. आणि फोन हातात घेतला, त्यावर 'ताई' अशी अक्षरं आली, की दात असे बसायचे की सोडू म्हटलं तरी सुटेनात. 'मजेत' हा शब्द ती मिटल्या दातांनीच बोलायची. एकदा तिने आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिला. ओठ हसले. गालाच्या मागे गाठ आली.

त्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बराच वेळ बसली होती. स्वतःच्या नाही, ताईच्या. छत्री बाजूला सारून. तिला ताण द्यायला घरात कोणी नव्हतं हे खरंच होतं. तोच तर ताण होता. पण ते बोलून दाखवायचं म्हणजे ताईच्या सुखात खडा टाकायचा, आणि तेही उतारवयात कसंबसं मिळालेल्या सुखात. न बोलावं तर निरोप जाणार होता तो एवढाच, की पलंग दिला, जागा मोकळी झाली, धाकटीचं छान चाललंय. मग ताई का येईल? कुठे झोपायला येईल?

रविवारी फोन आला.

"कशी आहेस गं? दिलास का पलंग?"

"नाही."

"का? कोणी घेत नाही?"

धाकटीने फोन कानापासून थोडा दूर धरला. टिकली दिसली. तिने जबडा सोडला, खांदे सोडले, श्वास जाऊ दिला. पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" चाललं होतं.

"येतोय," ती म्हणाली. "ताई, मला तो द्यायचा नाहीये. आणि मी मजेत नसते."

पलीकडून, "म्हणजे कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

यावर मोठी आत्या अशी भडकली, की नवे काका आतून पळत बाहेर आले. "आणि मला दर रविवारी मजेत, मजेत! अगं मूर्ख बाई, मी इथे फोन ठेवून ह्यांच्यापुढे रडते. म्हणते, तीस-चाळीस वर्षं एका खोलीत काढली आणि आता तिला माझी आठवणसुद्धा येत नाही. पलंग देऊन टाक म्हटलं, तर एका शब्दाने नाही म्हणाली नाहीस!"

"तूही मजेत म्हणतेस."

"मग काय म्हणू? तू म्हणतेस म्हणून म्हणते!"

दोघी रडल्या की हसल्या, यावर त्यांचं पुढेही एकमत झालं नाही. दोघींनी मला हा फोन वेगवेगळा सांगितला आहे. एवढं मात्र दोघींच्याही सांगण्यात येतं, की शेवटी धाकटीने विचारलं, "ताई, मी रात्री दात खायचे का गं?"

"खायचीस म्हणजे? शेजाऱ्यांना ऐकू जायचं. लहानपणापासून. मी हात लांब करून गाल थोपटायचे, की थांबायचीस."

"सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगायचं काय त्यात? थांबायचीस की."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं, तर आत्याला ते आवडणार नाही. मोठी आत्या अधूनमधून येऊन चार दिवस राहायची, वर्तमानपत्रांचा गठ्ठा जमिनीवर उतरवून आपल्या पलंगावर झोपायची. ती गेली की खोली पुन्हा तेवढीच मोठी व्हायची. संध्याकाळी धाकटी चालायला जायची. नदीवरच्या पुलापर्यंत आणि परत, एकटीच. कधी कधी पुलावर उभी राहून खालच्या पाण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाल बघायची. कानशिलं दुखायची, पण रोज नाही. चौथं कवच, पुन्हा पहिल्यासारखं साधं, पातळ, वर्षभर टिकलं. ते डॉक्टरांना दाखवताना ती जरा खट्टू होती. आपलं सर्वांत साधं काम सर्वांत जास्त टिकावं, हे तिला पटत नव्हतं.

'मजेत' हा शब्द दोघींनी आपसात बंद केला. फोन आता तक्रारींनीच सुरू व्हायचा. मोठीला काकांच्या घोरण्याचा वैताग, धाकटीला भोंग्याच्या आवाजाचा. कधी नुसतं "आज घर अंगावर येतंय गं" एवढंच. मग पलीकडून काही उपाय सुचवला जायचा नाही. "येतं खरं," असं म्हणून मोठी थोडा वेळ फोन धरून ठेवायची.

धाकटी आत्या काही वर्षांनी गेली, झोपेत, छोट्या आजाराचं निमित्त होऊन. आदल्या दिवशी रविवार नव्हता, तरी दोघी बोलल्या होत्या. मोठीने विचारलं, कशी आहेस. धाकटी म्हणाली, "आज नुसता कंटाळा आलाय बघ, काही करावंसं वाटत नाही. बरं थांब, ठेवते, दूध उतू चाललंय."