ताईचं पहिलं ‘नाही’

हॉस्पिटलात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. वॉर्डबॉयपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे तिला सहीबाई म्हणायचे. कामच तसं होतं तिचं. उद्या ज्याची गाठ कापून काढायची आहे त्याच्या खाटेशी आज जाऊन बसायचं आणि विचारायचं, की तपासणीला लागेल तेवढा भाग घेतल्यावर गाठीचा जो तुकडा उरेल तो संशोधनाला द्याल का, आणि देणार असाल तर इथे सही कराल का. बस, एवढंच. ऐकायला सोपं आहे. पण उद्या पोट फाडणार या विचारानं ज्याच्या तोंडचं पाणी पळालंय अशा माणसाला हे रोज विचारून बघा, म्हणजे कळेल.

तिचं बोलणं ठरलेलं होतं. घाई करायची नाही, मध्ये थांबायचं, नातेवाइकांकडे न बघता रुग्णाकडे बघायचं. आणि सगळ्यात शेवटी सांगायचं, "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात तसूभर फरक पडणार नाही." हे सांगणं नियमानं बंधनकारक होतं. इतक्यांदा सांगून सांगून तिला त्या वाक्यात काही अर्थ असतो हेच आठवेनासं झालं होतं. ती दमली होती. पाय दुखायचे ते वेगळंच, पण दिवसभर घाबरलेल्या माणसांशी मऊ आवाजात बोलल्यावर घरच्यांसाठी आवाजच शिल्लक राहत नसे. नवरा म्हणायचा, "तुझा गोड आवाज ऐकायचा तर मला एखादी गाठच व्हायला हवी." तो बिचारा विनोद करायचा. हिला हसायचाही कंटाळा यायचा.

संशोधनाची इमारत हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला होती आणि तिथे कशाचा कशाला मेळ नव्हता. वरच्या मजल्यावर कर्करोगाच्या गाठी, मधल्या मजल्यावर न भरणाऱ्या जखमांसाठी मलम, आणि तळघरात शेवाळ. होय, शेवाळ. काचेच्या उंच नळ्यांमध्ये हिरवं पाणी बुडबुडत असायचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या शेवाळातून तेल काढायचं आणि त्यावर गाड्या पळवायच्या असा तिथला बेत. नळ्या सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे हिरवेकाका म्हणायचे, कारण त्याचा पांढरा कोट कधीच पांढरा नसायचा. त्याच्या तेलावर आजवर बागेतलं गवत कापायचं यंत्र तेवढं चाललं होतं, आणि तेही मधेच बंद पडलं होतं. "पुढच्या वर्षी बस," असं तो दर वर्षी म्हणायचा. सहीबाई चहा प्यायला त्याच्याकडे जायची, कारण तळघरात कुणी रडत नसायचं.

अशात ताईच्या पोटात गाठ निघाली. दिवसभर लोकांच्या गाठी होत्याच, आता घरचीही आली.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. हे असं माणूस प्रत्येक घरात एक असतं, आणि ते असतं म्हणून बाकीच्यांना घर आपोआप चालतं असं वाटत राहतं. पाहुणे आले की ताईची खाट त्यांना, ताई खाली. जावेनं शिलाई मशीन चार दिवसांसाठी नेलं ते तिकडेच राहिलं. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा दोन नणंदा येऊन "तुझ्याइतकं आम्हाला नाही बाई जमत" असं म्हणून गेल्या. या सगळ्यावर ताईचा एकच शब्द असे, "बरं." तिला राग येत नसे का? येत असेल. कुणी विचारलंय?

ऑपरेशनच्या कागदावर सही करतानाही ती "बरं" म्हणाली होती. सर्जन समजावून सांगत होता, काय काय होऊ शकतं ते. ही आपली मान हलवत होती.

रक्ताच्या नात्यातल्या रुग्णाला सहीबाईनं विचारायचं नाही असा नियम होता. म्हणून हेच काम करणारी तिची जोडीदारीण गेली. जोडीदारीण तिच्याच हाताखाली शिकलेली. सहीबाई पडद्याबाहेर उभी राहिली आणि आतून आपलंच बोलणं ऐकू लागली, आपल्याच थांबण्यासकट. आपण इतकं छान बोलतो हे तिला माहीत नव्हतं. तसूभर फरक पडणार नाही, हे वाक्यही आलं.

"नाही म्हटलं तर खरंच काही बिघडत नाही?" ताईनं विचारलं.

"खरंच काही नाही."

"मग नाही."

सहीबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. जोडीदारीण बाहेर आली तीही गोंधळलेली. नकार देणारे असतात. कुणी घाबरून देतात, कुणाचा नवरा देतो, कुणाला वाटतं आपली गाठ विकून डॉक्टर बंगले बांधतात. "पण मावशी हसत होत्या हो," जोडीदारीण म्हणाली. "खाऊ मिळाल्यासारख्या."

ही बातमी वरच्या मजल्यावर मॅडमना कळली. मॅडम म्हणजे विभागप्रमुख, वाईट बाई नव्हे. गाठीच्या जिवंत पेशी काचेच्या थाळीत वाढवून त्यांचे बारीक गोळे करायचे, आणि कुठल्या औषधानं ते मरतात हे माणसाच्या आधी त्या गोळ्यांवर बघायचं, हे त्यांचं काम. ताईची गाठ दुर्मिळ जातीची होती. त्या जातीचे गोळे त्यांच्याकडे एकदाही जगले नव्हते.

"मी तुम्हाला काही करा म्हणत नाही," मॅडम डोळे चोळत म्हणाल्या. त्याही दमलेल्याच होत्या. "ही गाठ असलेले दोघं जण आत्ता वॉर्डात आहेत. त्यांना कुठलं औषध द्यावं हे मला सांगता येत नाहीये. तुमच्या ताईंशी बहीण म्हणून बोलून बघा, एवढंच."

आता बोला. यात चूक कुणाची काढायची?

सहीबाई चहाला तळघरात गेली. हिरवेकाकानं सगळं ऐकून घेतलं आणि नळीवर टिचकी मारली. "आमचं बरं आहे. आमच्या मालाला कुणी विचारत नाही. दिवसरात्र उजेडात ठेवतो, जेवढं वाढेल तेवढं वाढवतो, मग पिळून काढतो. बिचारं कधी कुरकुरत नाही."

"माझी ताईपण नाही कुरकुरत," सहीबाई म्हणाली.

"मग आजच काय झालं?"

तिलाही तेच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला राग आला होता. परक्यांच्या शेकड्यांनी सह्या आणल्या आणि घरचीच सही मिळेना, म्हणजे दिव्याखाली अंधार. मॅडमसमोर मान खाली गेली ती वेगळीच. त्या रागातच ती ताईच्या खाटेशी जाऊन बसली आणि आजवर कुठल्याही रुग्णाशी बोलली नव्हती तसं बोलली.

"ताई, अगं ती गाठ नाहीतरी जाळूनच टाकणार आहेत. तुझ्या काय उपयोगाची?"

"मग जाळू देत."

"दोन माणसं अडली आहेत तुझ्यामुळे."

हे बोलायचं नसतं. जोडीदारीण असं बोलली असती तर सहीबाईनं तिला कामावरून काढायला लावलं असतं. ताईनं चादरीची सुरकुती हातानं सारखी केली.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "इथे आल्यापासून सगळे मला सांगतायत. उपाशी राहा, कूस बदला, हात पुढे करा. चांगली आहेत माणसं, माझ्या भल्याचंच सांगतात. पण त्या पोरीनं मला विचारलं. वर म्हणाली, नाही म्हटलंत तरी चालेल, कुणाचं काही बिघडणार नाही. असं मला जन्मात कुणी म्हटलं होतं का गं? मला वाटलं, एकदा म्हणून तरी बघावं."

"आणि कसं वाटलं?"

"बरं वाटलं," ताई म्हणाली आणि लाजली.

सहीबाईनं इथे थांबायला हवं होतं. पण दमलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. "आयुष्यभर जावेला नाही म्हणाली नाहीस, नणंदांना नाही म्हणाली नाहीस. पहिलं ‘नाही’ काढलंस ते माझ्याच तोंडावर मारायला?"

ताईचा चेहरा उतरला. ती भिंतीकडे कूस करून पडली आणि सहीबाई आपले दुखरे पाय ओढत घरी गेली.

सकाळी ती आली तेव्हा ताईला हिरवा गाऊन घातला होता आणि केस टोपीत कोंबले होते. ऑपरेशनला न्यायची चाकांची ढकलखाट दाराशी आली होती. बाहेर मॅडमचा माणूस बर्फाची पेटी घेऊन उभा होता, न जाणो म्हणून. ताईनं हात पुढे केला.

"आण तो कागद. सही करते."

"आता कशाला?"

"तुझा चेहरा बघवत नाही मला. आण. माझं काय जातंय? बरं म्हटलं की झालं."

कागद सहीबाईच्या पिशवीतच होता. पेनही होतं. दोन माणसं वॉर्डात पडून होती, मॅडमचे डोळे लाल झाले होते, आणि समोर सही आपण होऊन चालत आली होती. तिनं कागद अर्धा बाहेर काढलाही.

पण ते "बरं" तिनं आधी ऐकलं होतं. आई आजारी पडली आणि घरी कुणीतरी थांबायला हवं होतं, तेव्हा वडील ताईला म्हणाले होते, तू थांब, धाकटीला शाळेत जाऊ दे. ताई वर्गात पहिली यायची. ती बरं म्हणाली, आणि खाली बसून तिनं धाकटीच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. ती धाकटी शिकली, विज्ञानाची पदवीधर झाली, नोकरीला लागली. जावेनं नेलेलं मशीन आणि नणंदांनी टाळलेली सासू हे सगळं सांगताना सहीबाईनं स्वतःला कधी त्या यादीत धरलं नव्हतं. सगळ्यात मोठं "बरं" तर तिनंच घेतलं होतं, आणि आता दुसरं घ्यायला ती पेन काढून उभी होती.

तिला स्वतःची लाज वाटली. तिनं कागद पिशवीत घातला.

"नको, ताई. काल म्हणालीस तेच राहू दे."

"अगं, पण तुझ्या मॅडम?"

"त्यांचं मी बघते."

"आणि ती दोन माणसं?"

"मला माहीत नाही गं. पण तू काल नाही म्हणालीस, आणि आज तुला मी बरं म्हणायला लावलंय. असली सही मी कुणाचीच घेत नाही."

ढकलखाट आत गेली आणि दार मिटलं.

मॅडमना तिनं वर जाऊन सांगितलं. मॅडमनी हातातली काचेची थाळी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "पेटी परत आणायला सांगा. बर्फ वितळतोय." त्या ओरडल्या असत्या तर सहीबाईला सोपं गेलं असतं.

खाली येऊन ती नातेवाइकांच्या बाकावर बसली. इतकी वर्षं या बाकासमोरून ये-जा केली, पण बसली नव्हती कधी. बाक फार टणक होता. शेजारची बाई कुणासाठी तरी पुटपुटत होती. सहीबाईच्या मनात त्या दोघांचे चेहरे येत होते. ती त्यांना ओळखत होती, त्यांच्याही सह्या तिनंच घेतल्या होत्या, पण त्यांच्या गाठींचे गोळे जगले नव्हते. आपण केलं ते बरोबर की चूक, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुपार झाली तेव्हा सर्जन बाहेर आला, म्हणाला, गाठ पूर्ण निघाली. तिनं मान हलवली.

ताईला शुद्ध आली तेव्हा ओठ कोरडे पडले होते. नर्सनं ओल्या कापसानं ते टिपले. ताईची नजर इकडेतिकडे फिरली आणि बहिणीवर येऊन थांबली. आवाज फार बारीक होता. सहीबाईला कान जवळ न्यावा लागला.

"तुझ्या मॅडमनी घेतली का गं गाठ?"

"नाही, ताई. तू नाही म्हणाली होतीस."

ताईला ते कळायला वेळ लागला. भूल अजून पुरती उतरली नव्हती. मग तिच्या कोरड्या ओठांवर हसू आलं.

"हो," ती म्हणाली. "मी नाही म्हणाले होते."