दाराच्या बदल्यात छप्पर

मंजुषाला भावाचं, अनंतचं, तोंड पाहायचं नव्हतं, आणि बसावं लागायचं तर रोज त्याच्याच समोर. वडील गेले आणि त्यांच्या यवतमाळच्या आर्किटेक्ट ऑफिसची वाटणी झाली. टेबलं वाटली, कपाटं वाटली. कूलरचंसुद्धा ठरलं: दुपारपर्यंत त्याचं तोंड अनंतकडे, मग हिच्याकडे. दुपारनंतरचा कूलर तिने भांडून मिळवला होता. बोलणं मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही. काही सांगायचं तर ते वडिलांच्या काळच्या शिपायामार्फत, रामधनकाकांमार्फत. "काका, त्यांना सांगा, खिडकी लावा." ते 'त्यांना' हातभर अंतरावर सगळं ऐकत असायचे, तरी काका बिचारे उठून सांगायचे.

वाटता आली नाही ती एकच गोष्ट, महागावच्या किसनरावांच्या मंगल कार्यालयाचं मॉडेल. अख्खी इमारत खांब, भिंती, दारं, पायऱ्यांसकट कॉम्प्युटरवर उभी केलेली आणि क्लाउडवर ठेवलेली. दोघं आपापल्या जागेवरून त्या एकाच इमारतीत काम करायची. एकाने एखादी वस्तू धरली की तो सोडेपर्यंत दुसऱ्याला तिला हात लावता येत नाही. हा नियम मंजुषाला फार आवडला. अनंतला मुख्य दार पश्चिमेकडून पूर्वेला न्यायचं होतं. तिने दार धरून ठेवलं. तिला त्या दाराचं काडीचं प्रेम नव्हतं. पण अनंतला ते हवं होतं, एवढं कारण तिला पुरे होतं.

तिचा जीव होता छपरात. सभागृहात मधे एकही खांब नाही, वऱ्हाडातल्या शेवटच्या म्हातारीलाही नवरानवरी दिसावीत, असं लोखंडी छप्पर तिने कित्येक आठवडे डोकेफोड करून जमवलं होतं. अनंतने आधीच निरोप धाडला होता, "काका, त्यांना सांगा, खांबाशिवाय हे जमायचं नाही." जमलं. इंजिनिअरनेही तपासून होकार दिला. तेव्हा मात्र अनंतचा काही निरोप आला नाही.

दारावरून त्याचं डोकं फिरलं आणि एका संध्याकाळी त्याने सगळं मॉडेल मागे नेलं, थेट वाटणीच्या आधीच्या व्हर्जनवर. क्लाउडचं खातं त्याच्या नावावर, त्यामुळे ते फक्त त्यालाच करता येत होतं. दार सुटलं, पण त्यासोबत छप्परही गेलं.

सकाळी मंजुषा बघते तर सभागृहात मधोमध खांब! तिला हसूच आलं. तिच्याकडे बॅकअप होता. रोज घरी निघताना, तिन्हीसांजेला दिवा लावावा त्या नेमाने, ती मॉडेलची प्रत आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची. तिने डिस्क लावली, फाइल उघडली. तिथेही खांब. रोज एकच नाव, आदल्या दिवशीच्या प्रतीवरच नवी प्रत. आणि काल निघताना तिने न बघता उतरवली होती ती अनंतने मागे नेलेली इमारत. "मूर्ख!" ती स्वतःलाच म्हणाली, चांगलं मोठ्याने. अनंतला वाटलं, आपल्यालाच म्हणाली. वाटू दे, म्हणून तिने पुन्हा एकदा म्हटलं. मग अनंतने हात घालायच्या आत तिने दार परत धरलं.

दुपारी किसनराव आले. "म्याडम, छपराचा नकाशा द्या. वेल्डिंगवाला कवाचा वाट पाहून राह्यला." बोलता बोलता त्यांची नजर पडद्यावर गेली. "अन् हे मधात खांब कायले? मले खांबवाला हॉल पाहिजेच नाही. तुमचं जमत नसन तर सांगा, मी दुसरा पाहतो."

अनंत कूलरकडे बघत बसला. छपराचं व्हर्जन क्लाउडवर शाबूत होतं, त्याच्या एका बटणाखाली. त्याला ते माहीत होतं, तिलाही होतं. निरोप न्यायला रामधनकाका उठले. तिने हातानेच त्यांना बसवलं. छप्पर निरोपाने मिळणार नव्हतं. वडिलांच्या तेरवीपासून न उच्चारलेला शब्द तिला घशातून ओढून काढावा लागला.

"दादा, माझं छप्पर परत दे."

अनंतने मानही वळवली नाही. "काका, तिला सांगा, ऐकू आलं. अन् आधी दार सोडायला सांगा."

तिने दार सोडलं. त्याने बटण दाबलं. खांब गेले, छप्पर परत आलं. तिचे डोळे भरून आले, आणि अनंतसमोर भरून आले याचा तिला भयंकर संताप आला. तिने आधी प्रत उतरवली, या वेळी नव्या नावाने, उघडून पाहिली, आणि नकाशा काढून किसनरावांच्या हातात ठेवला.

मग तिने दाराकडे पाहिलं. ते केव्हाच अनंतच्या ताब्यात गेलं होतं. छप्पर नीट आलं की नाही, हे बघायलाही तो थांबला नव्हता.

मंजुषाने पडद्यावर जरा काही केलं आणि घसा साफ केला.

"काका, त्यांना सांगा, दार खुशाल न्या पूर्वेला. त्याच्या पायऱ्या मी धरल्यात."