गोठ्यातलं ताट
स्पिरिटचा वास आला की मला दवाखान्याआधी आमचा गोठा आठवतो. वडिलांच्या पायाची जखम वर्षानुवर्षं भरत नव्हती; रोज स्पिरिटनं पुसावी लागे. तिचा वास येतो म्हणून ते ताट घेऊन गोठ्यात जेवायला बसत. हदगावहून नांदेडला नेलं, तर तिथंही डॉक्टरला म्हणाले, "जरा लांबूनच बघा सायेब, वास हाय." डॉक्टरनं स्टूल जवळ ओढलं. वडिलांचंच रक्त काढून यंत्रात फिरवलं आणि वर आलेला पिवळसर प्लाझ्मा जखमेवर सोडून पट्टी बांधली. अशा काही फेऱ्यांत जखम भरून आली. शेवटची पट्टी सुटली त्या संध्याकाळी आईनं ताट चुलीपाशी वाढलं. "आता वास न्हाई येत, हितंच बसा." वडील "हाव" म्हणाले आणि ताट उचलून गोठ्याकडं गेले. थोड्या वेळानं आईनंही आपलं ताट उचललं. त्यानंतर दोघांना घरात जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही.