डुक्करमाशाचा गुडघा

मिंगो कधी माणसाच्या तोंडाकडे बघून बोललाच नाही. बोलायचा तुमच्याशी आणि बघायचा तुमच्या डोक्यावरच्या झाडाकडे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, मेला तिरळा आहे. मग कळलं, हा गुडघे शोधतोय.

गलबताची कूस आणि आडवी तुळई जिथे भेटतात, तिथे एक वाकडं लाकूड बसवतात. तो गुडघा. तो जन्मापासून वाकडा असावा लागतो. करवतीने कापून वाकडा केलेला दिसायला देखणा, पण पहिल्या मोठ्या लाटेला फाटतो. आमच्या बेटावरच्या अख्ख्या सेंट जॉर्ज गावात कुठल्या देवदाराची कुठली फांदी कशी वळलीय, हे मिंगोला तोंडपाठ. प्रार्थना चालू असतानासुद्धा हा खिडकीतून पाद्रीबाबांच्या झाडावर डोळा ठेवून. पाद्रीबाबांना वाटायचं, काय भाविक माणूस, सारखा आभाळाकडे बघतो!

गोदी डिकिन्सन साहेबांची. मिंगोही साहेबांच्या मालकीचा, मीही साहेबांचीच, आणि गोठ्यातल्या गाईही. त्यातल्या त्यात गाईंना जास्त मान, कारण त्या उलट बोलत नसत. मी स्वयंपाकघरात होते आणि उलट बोलत होते.

त्या साली राजाच्या आरमाराला एकदम छोट्या लढाऊ गलबतांचा पुळका आला. एकाच नमुन्याची, आमच्या देवदाराची, चपळ. आणि नावं काय, तर माशांची! नावं ठेवणारा साहेब बहुतेक उपाशीपोटी कामाला बसला असावा. आमच्या गोदीच्या वाट्याला आला डुक्करमासा. बापाचा कोट घातलेल्या पोरासारखं ते गलबत. अंग एवढंसं, शिडं ही भलीमोठी, वर तोफा. आत जायचं तर माणसाने आधी कमरेतून घडी घालायची. गोदीतले सुतार म्हणायचे, शत्रूने गोळी घालायची गरजच नाही, जरा जोरात शिंकला तरी बास.

मिंगोही हसायचा. मग एके दिवशी साहेबांनी सांगितलं की डुक्करमाशाच्या कप्तानाला पार उत्तरेला, समुद्रापलीकडच्या हॅलिफॅक्सपर्यंत वाटाड्या हवाय आणि त्यांनी टायटसला देऊ केलंय. टायटस म्हणजे मिंगोचा एकुलता एक पोरगा. खडकांतून होडी अशी काढायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. त्या दिवसापासून मिंगोचं हसू गेलं.

"टेमर, मोठ्या डोलकाठीजवळचा गुडघा मिळत नाहीये गं," माझ्या चुलीपाशी बसून तो म्हणाला. "मुकादम म्हणतो, कापलेलाच ठोक, रंग दिला की कोणाला कळतंय. लाटेला कळतं ना! माझं पोर त्यात बसणारेय."

"मग शोध की. सगळ्या गावाची झाडं तर तुझ्या डोक्यात आहेत."

"शोधलाय." आणि त्याने खिडकीबाहेर बोट केलं.

माझ्या हातातला कॉडमासा खाली पडायचाच राहिला. बाहेर बाईसाहेबांचं लग्नाचं झाड. लग्नाच्या केकवर खोचलेलं देवदाराचं रोप त्यांनी स्वतःच्या हाताने अंगणात लावलेलं. आता ते वाकून पार छपरावर रेललं होतं. साहेबांनी एकदा नुसती फांदी मागितली, तर बाईसाहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. साहेबांना तो आठवडा फार आवडला, ती गोष्ट वेगळी.

"विसर," मी म्हटलं. "देव खाली उतरला तरी ती बाई ते झाड द्यायची नाही."

"देवाचं नाही ऐकायची," मिंगो म्हणाला. "बाटलीचं ऐकेल."

बाटली म्हणजे मुशी माशाच्या तेलाची. घरोघरी भिंतीवर टांगलेली असते. तेल नितळ तर हवा चांगली, गढूळ झालं तर वादळ. बाईसाहेबांची बायबलपेक्षा बाटलीवर श्रद्धा. तिला विचारल्याशिवाय घरात धुणंसुद्धा वाळत पडत नसे.

"टेमर, डुकराची चरबी आहे का गं थोडी? वितळलेली?"

मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी वाटी पुढे केली.

सकाळी बाईसाहेबांची बोंब गल्लीच्या टोकापर्यंत गेली. "वादळ! अगं टेमर, बाटली बघ! दह्यासारखी झालीय! असली मी जन्मात बघितली नाही!"

साहेब नाइटशर्टमध्येच अंगणात आले. वर बघितलं, निळंशार. "अगं, आभाळ स्वच्छ आहे."

"आभाळाला काय अक्कल आहे? बाटली बघा, बाटली!"

मिंगो तिथेच होता, योगायोगाने. हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, काळजी नको. झाड पडलंच तर फार तर छप्पर जाईल. पाण्याची टाकी फुटेल. तुम्ही माडीवर झोपता, तेवढं मात्र..."

"तोड ते!"

"छे छे, बाईसाहेब! तुमच्या लग्नाचं झाड! माझा हात नाही धजायचा."

"मिंगो, मी सांगतेय ना!"

"साहेबांना काय वाटेल?"

साहेबांना काय वाटत होतं ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते कधीचे कुऱ्हाड शोधायला पळाले होते.

दुपारपर्यंत झाड आडवं झालं. वादळ काही आलं नाही. बाईसाहेब सगळ्यांना सांगत सुटल्या की झाड वेळेवर तोडलं म्हणूनच ते फिरून गेलं. मिंगोने त्याच जागी नवीन रोप लावलं. बाईसाहेबांना फार भरून आलं.

गुडघा त्याने एकट्याने तासला. मुकादमाला तासायच्या वाकसालाही हात लावू दिला नाही. बसवल्यावर त्यावर गाल टेकवून बराच वेळ उभा राहिला. मी जेवण घेऊन गेले होते, तर म्हणाला, "हा धरेल गं. हा माझ्या पोराला पलीकडे पोचवेल."

पलीकडे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. हॅलिफॅक्सला आमच्यासारखी माणसं स्वतःच्या घरात राहतात, स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावतात, हे खलाशांकडून आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं.

निघताना धक्क्यावर साहेब उभे, कप्तान उभा. बापलेकांना बोलायला जागा नव्हती. मिंगो एवढंच म्हणाला, "झोपायचं तर त्या गुडघ्यापाशी झोप. आणि तिकडे थंडी फार असते म्हणे. सवय करून घे."

"करतो, बाबा," टायटस म्हणाला. त्याचा आवाज चिरकला आणि साहेब हसले. पोरगं समुद्राला घाबरलं म्हणाले.

मग गलबताचं काहीच कळेना. मिंगो जेवेना. झाडांकडेही बघेना, आणि तेच मला जास्त लागलं. मी कसाव्याच्या कंदाचं भरीत केलं, त्याला शिव्या घातल्या, काही उपयोग झाला नाही.

शेवटी एका जहाजाने बातमी आणली. डुक्करमासा वादळात सापडला, दोन्ही डोलकाठ्या गेल्या, तोफा समुद्रात ढकलाव्या लागल्या. पण कूस काही फुटली नाही. तरंगत, लंगडत हॅलिफॅक्सला लागला. आणि तुमचा वाटाड्या पाणी आणायला उतरला तो परत आलाच नाही.

साहेब लालबुंद झाले. "कुठे गेला तुझा पोरगा? बोल!"

मिंगोने माझ्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं आणि असा हंबरडा फोडला की बाईसाहेबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "बापाचं काळीज आहे." माझा ॲप्रन भिजला. पण आतून तो हसत होता की रडत होता ते मलाही कळलं नाही. दोन्ही असेल.

पुढच्या उन्हाळ्यात हॅलिफॅक्सहून आलेल्या एका खलाशाने माझ्या खिडकीतून एक पुडकं आत टाकलं. "गुडघेवाल्याला," म्हणाला आणि गेला. आत लोकरीचे हातमोजे. जाड, ओबडधोबड, एक अंगठा जरा लांब.

त्या रविवारी अंगाची नुसती लाही लाही होत होती. मिंगो अंगणात त्या नव्या रोपाशी बसला होता. त्याच्या शेंड्याला दोर बांधून दगड लटकावत होता, वाकडं वाढावं म्हणून. हातात मोजे. कपाळावरून घाम गळतोय.

बाईसाहेब माडीवरून ओरडल्या, "अरे मिंगो, वेड लागलं का तुला? या उकाड्यात मोजे कसले?"

मिंगोने वर बघितलं. झाडाकडे नव्हे, सरळ त्यांच्या तोंडाकडे.

"थंडी वाजते, बाईसाहेब," तो म्हणाला. "फार छान थंडी वाजते."