पहिली मीच बसले होते

झेंडूचा वास आला की माझ्या नाकात जळक्या लोखंडाचा वास भरतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, माझं लग्न नवीन होतं. दुधाच्या मोठ्या किटल्या मागे बसाव्यात म्हणून आमच्या ह्यांनी मोटरसायकलचं मागचं चाक धरणारे दोन्ही दांडे कर्जतला कापून, मध्ये तुकडे जोडून लांब करून घेतले. जोडावर आधाराच्या पट्ट्या मारायच्या राहिल्या होत्या, तेवढ्यात खंडेनवमी आली आणि वेल्डरने मशीन पूजेला मांडली. "आता तिला हात लावायचा नाय. पट्ट्या दसऱ्यानंतर मारतो, तवर वजन नका टाकू," तो म्हणाला. सासरे तडकले, "मंग दूध काय घरात नासवू?" दसऱ्याला मी गाडी ओवाळली, हार घातला, हौसेने अंगणात तिच्यावर बसूनही पाहिलं. मग हे भरल्या किटल्या घेऊन निघाले आणि नेरळच्या अलीकडे उतारावर जोड तुटला. ह्यांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. वेल्डरला कोणी बोललं नाही, सासऱ्यांना तर नाहीच. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पैली तूच बसलीस ना गं तिच्यावर?" आता दारात पुतण्याची गाडी असते. दसऱ्याला तिचा हार मीच ओवते, तेवढं चालतं घरच्यांना. ओवाळायला मात्र जावेला हाक मारतात.